विमानाच्या पत्र्यातील भेग आणि तिचे गणित

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



चिटणीसांनी व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा मी ‘भेग’ एवढाच शब्द कळविला होता. त्यावरून कित्येकांचा असा समज झाला की, मी घरांच्या भिंतींविषयी अथवा भाऊबंदकीविषयी बोलणार. हे दोन्ही विषय आपल्याकडे विपुल आहेत हे खरे. परंतु त्यांवर बोलण्यास माझ्याहून अधिकारी मंडळी या सभागृहात उपस्थित आहेत. मला बोलावयाचे आहे ते विमानाच्या अंगावरील पत्र्यात पडणाऱ्या केसाएवढ्या भेगेविषयी, आणि ती भेग पुढे कोणत्या गतीने वाढेल हे आधीच गणिताने वर्तविण्याच्या विद्येविषयी.

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरते, आणि उभे आयुष्य गेले ते मुलांना अंकगणित शिकविण्यात. तरीही हा विषय हाती घेण्यास कारण घडले. आपल्या अनेक कुटुंबांतील मुले-मुली आज परदेशी आहेत, आणि त्यांचे वयस्क आईवडील वर्षा-दोन वर्षांनी विमानात बसतात. ‘मास्तर, विमान जुने असले तर हो?’ असा प्रश्न मला एकाहून अधिक घरांतून आलेला आहे. माझा पुतण्या बंगळूरला याच प्रकारचे हिशेब संगणकावर करण्याच्या कामी आहे. त्याच्यापुढे मी तो प्रश्न ठेवला. तो म्हणाला, “काका, विमानात भेग आहे असे आम्ही पहिल्या दिवसापासूनच धरून चालतो.” या उत्तराने माझे समाधान होण्याऐवजी अस्वस्थताच वाढली, आणि मग त्याच्याकडून, तसेच मिळतील त्या पुस्तकांतून, मी हा विषय शक्य तितका समजून घेतला.

तार हाताने एकदा वाकविली तर ती तुटत नाही. तीच पुन्हा पुन्हा इकडून तिकडे वाकविली की तुटते, हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. धातू एका मोठ्या ओढीने तुटत नाही अशा ठिकाणी तो लहान लहान ओढींच्या हजारो आवर्तनांनी तुटतो. यास धातूचा थकवा म्हणतात. एकोणिसाव्या शतकात आगगाड्यांचे आस असेच तुटू लागले, तेव्हा प्रशियाच्या रेल्वेतील ऑगस्ट व्होलर या इंजिनियराने त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. परंतु आस तुटला तर गाडी थांबते. विमानास ती सवलत नाही.

विमानाचे धड ही वस्तुतः एक हवेने फुगविलेली नळी होय. फार उंचीवर बाहेरची हवा इतकी विरळ असते की माणूस तीत श्वासोच्छ्वास करू शकत नाही. म्हणून आत दाब राखावा लागतो. प्रत्येक उड्डाणात ही नळी एकदा फुगते आणि उतरताना पूर्ववत् होते. कॉमेट या जगातील पहिल्या प्रवासी जेट विमानात आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस इंचास सव्वाआठ पौंडांनी अधिक असे. हा आकडा लहान दिसतो. पण एका चौरस फुटाचे १४४ चौरस इंच होतात हे ध्यानात घेऊन गुणाकार करावा. दर चौरस फुटावर १,१८८ पौंड, म्हणजे पाच क्विंटलांहून अधिक भार! आणि तो तोलून धरणारा पत्रा बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरहूनही पातळ.

या कॉमेटची हकीकत थोडी विस्ताराने सांगणे इष्ट आहे, कारण आजची सारी विद्या तिच्या अवशेषांतून उभी राहिली आहे. २ मे १९५२ रोजी लंडन ते जोहान्सबर्ग या मार्गावर कॉमेटची प्रवासी वाहतूक सुरू झाली. बरोबर एका वर्षाने, २ मे १९५३ रोजी, कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून दिल्लीकडे निघालेले एक कॉमेट वादळात सापडून मोडले व ४३ माणसे दगावली. त्या अपघाताचा दोष वादळाकडे गेला. पुढे १० जानेवारी १९५४ रोजी रोमहून लंडनकडे निघालेले कॉमेट एल्बा बेटाजवळ, निरभ्र आकाशात, फुटून समुद्रात पडले. ३५ जण मरण पावले. विमाने थांबविण्यात आली. आग लागली असेल, इंजिनाचे पाते उडाले असेल, अशा नाना शंका घेऊन सुमारे साठ सुधारणा करण्यात आल्या आणि २३ मार्चला उड्डाणे पुन्हा सुरू झाली. ती अवघी सोळा दिवस टिकली. ८ एप्रिलला रोमहून कैरोला निघालेले दुसरे कॉमेट नेपल्सजवळ तसेच कोसळले व आणखी २१ जीव गेले. साठ शंकांत खरी शंका नव्हती.

फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेत सर आर्नल्ड हॉल यांच्या देखरेखीखाली एका कॉमेटचे सबंध धड पाण्याच्या प्रचंड टाकीत बसविण्यात आले व आतही पाणीच भरून दाब कमी-अधिक करण्यात येऊ लागला. पाणीच का? तर दाबलेली हवा फुटली की बॉम्बसारखी फुटते आणि सर्व पुरावा छिन्नविच्छिन्न करते. पाणी जवळजवळ दबतच नाही, म्हणून पत्रा फाटला तरी तो जागच्या जागी राहतो. हे धड आधी १,२२१ वेळा खरोखर उडालेले होते. टाकीत आणखी १,८३६ आवर्तने झाली आणि २४ जून १९५४ रोजी ते एका खिडकीवजा कवाडाच्या कोपऱ्यापासून फाटले. एकूण ३,०५७. समुद्रात पडलेल्या विमानांची उड्डाणे होती सुमारे १,२९० आणि ९००.

येथे एक गोष्ट विशेष चिंतनीय आहे. निर्मात्यांनी विमान विकण्यापूर्वी चाचणी घेतली नव्हती असे नाही. त्यांचा धडाचा नमुना सुमारे १८,००० आवर्तने टिकला होता! मग फरक कशाने पडला? त्याच नमुन्यास आधी, त्याची ताकद पाहण्यासाठी, नेहमीच्या दुप्पट दाब देण्यात आला होता. त्या मोठ्या ओढीने भोकांच्या कडेचा धातू किंचित ताणून बसला आणि नंतरच्या लहान ओढींना तेथे उलट्या दाबाचे एक संरक्षण मिळाले. म्हणजे चाचणीनेच नमुना सुधारला, आणि प्रवाशांना मिळाले ते न सुधारलेले विमान. परीक्षेतील उत्तरपत्रिका मी पुष्कळ तपासल्या आहेत. परंतु परीक्षा घेतल्याने विद्यार्थ्याची योग्यता वाढावी आणि ती योग्यता साऱ्या वर्गाची समजली जावी, असे उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

खिडकीचा कोपराच का फाटावा, याचे उत्तर तेव्हाही नवे नव्हते. पत्र्यात भोक असले की त्याच्या कडेशी ताण दाटतो, जसे ओढ्याचे पाणी खडकाच्या दोन्ही बाजूंनी दाटून वेगाने जाते. हे भोक जितके अरुंद व टोकदार तितका टोकाशी ताण अधिक, असे इंग्लिस या इंग्रज पंडिताने १९१३ साली गणिताने दाखविले होते. भेग म्हणजे तर अत्यंत टोकदार भोक! मग भेग पडलेली प्रत्येक वस्तू तत्काळ का तुटत नाही? याचे उत्तर ग्रिफिथ याने १९२० साली काचेच्या तंतूंवर प्रयोग करून दिले. भेग वाढण्यास नवा पृष्ठभाग निर्माण करण्याची शक्ती खर्ची पडते. ती शक्ती ताणलेल्या वस्तूतून मिळते तेव्हाच भेग धावते. कापडवाला कापड फाडण्यापूर्वी काठाला कातरीने लहानशी चीर देतो आणि मग एका हिसक्यात सरळ फाडतो, त्यात हेच शास्त्र आहे. ग्रिफिथही फार्नबरोलाच काम करीत असे. कॉमेटची टाकी जेथे बांधली तेथेच चौतीस वर्षे आधी भेगेचा सिद्धांत जन्मला होता. पण काचेचा सिद्धांत विमानाच्या पत्र्यास लावण्याची गरज तोवर कोणास वाटली नव्हती.

१९५७ साली अमेरिकेतील अर्विन याने भेगेच्या टोकाशी ताण किती दाटला आहे हे मोजणारी एक राशी सिद्ध केली. तिला आपण ताणतीव्रता म्हणू. पत्र्यातील ताण व भेगेच्या लांबीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात ती असते. त्यानंतर पॉल पॅरिस या तरुणाने असे मांडले की, एका आवर्तनात भेग किती वाढेल हे या ताणतीव्रतेच्या चढउतारावरूनच ठरते. त्याचा निबंध तीन नामांकित नियतकालिकांनी साभार परत केला. तो १९६१ साली एका विद्यापीठाच्या लहानशा पत्रिकेत छापला गेला. आज जगातील प्रत्येक विमानाच्या भेगेचा हिशेब त्या नियमापासून सुरू होतो.

आता आपण फळ्यावर थोडे गणित करू. विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. विमानाच्या ॲल्युमिनियमसाठी भेगेच्या वाढीचा वेग ताणतीव्रतेच्या साधारण घनाच्या प्रमाणात असतो असे धरा. भेग चौपट लांब झाली की वर्गमूळामुळे ताणतीव्रता दुप्पट होते, आणि दुपटीचा घन आठ. म्हणजे वाढीचा वेग आठपट! चक्रवाढ व्याजाची दहशत आपल्या वाडवडिलांनी अनुभवलेली आहे. परंतु चक्रवाढीत मुद्दल चौपट झाले तर व्याजही चौपटच होते. येथे मुद्दल चौपट आणि व्याज आठपट. असा सावकार कोणा शेतकऱ्याने पाहिला नसेल.

उदाहरणादाखल समजा की, एका पत्र्यातील भेग १ मिलिमीटरची ४ मिलिमीटर होण्यास १६,००० उड्डाणे लागतात. तर ४ ची १६ होण्यास ८,००० आणि १६ ची ६४ होण्यास अवघी ४,००० लागतील. बेरीज २८,०००. या बेरजेत १६,००० उड्डाणे, म्हणजे निम्म्याहून अधिक आयुष्य, भेग रिव्हेटच्या टोपीखाली लपलेली असतानाच संपून जाते. ती डोळ्यांना दिसू लागते तोवर घाई करण्याची वेळ आलेली असते. आणखी एक पाहा. पत्र्यावरचा ताण आपण समजतो त्याहून फक्त दहा टक्क्यांनी अधिक निघाला, तर एक पूर्णांक एक दशांशाचा घन करा, तो १.३३१ येतो. २८,००० उड्डाणांची २१,००० झाली. ताणाच्या अंदाजातील लहानसा फरक आयुष्याचा चतुर्थांश खाऊन टाकतो.

आणि म्हणूनच संगणक लागतो. मी सांगितलेला हिशेब सपाट, अखंड पत्र्याचा झाला. विमानाचा पत्रा वक्र असतो. त्याला आतून आडव्या कड्या व उभ्या पट्ट्या रिव्हेटांनी जोडलेल्या असतात. भेग पट्टीजवळ येते तेव्हा पट्टी ओझ्याचा वाटा उचलते व भेग मंदावते. पट्टीच तुटलेली असेल तर तीच भेग उसळते. भेगेच्या दोन्ही ओठांना आतला दाब बाहेर फुगवितो, त्यानेही ताण वाढतो. हे सारे एका सूत्रात मावत नाही. तेव्हा पॅनेलचे सहस्रावधी लहान तुकडे कल्पावयाचे, प्रत्येक तुकडा शेजारच्यास किती ओढतो याचे समीकरण मांडावयाचे, आणि ती सारी समीकरणे एकदम सोडवावयाची. या रीतीस फायनाइट एलिमेंट पद्धत म्हणतात. तिचा पाया घालणाऱ्या निबंधांपैकी एक १९५६ साली विमानाच्या पंखांच्याच अभ्यासातून निघाला. आपण शाळेत दोन अव्यक्तांची एकसामयिक समीकरणे सोडविली. येथे अव्यक्ते लाखांच्या घरात असतात. तत्त्व तेच.

मग संगणक भेग थोडी पुढे सरकवितो, पुन्हा ताणतीव्रता काढतो, पुन्हा सरकवितो. पूर्वी भेग सरकली की तुकड्यांची जाळी प्रत्येक वेळी नव्याने आखावी लागे आणि त्यात माणसांचे आठवडे जात. १९९९ साली अमेरिकेतील बेलिचको व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी युक्ती काढली की जाळी तशीच ठेवून भेग तुकड्यांच्या पोटातून जाऊ द्यावी. वाऱ्याच्या एखाद्या जबर झटक्याने भेगेच्या टोकाशी धातू ताणून बसतो आणि पुढची काही हजार आवर्तने भेग जवळजवळ थबकते, ही गोष्टही आता हिशेबात धरतात. कॉमेटच्या नमुन्याने १८,००० चा जो भ्रम निर्माण केला, त्याचेच हे सूत्रबद्ध रूप.

इतके करून काय साधते? पुष्कळांची अशी समजूत असते की, संगणक विमान मोडण्याचा दिवस सांगतो. तसे नाही. एकाच पत्र्याचे दोन सारखे तुकडे कापून परीक्षिले तरी त्यांचे आयुष्य सारखे येत नाही. संगणक जे सांगतो ते हे, की पुन्हा तपासणी केव्हा करावी. पूर्वी ‘अमुक वर्षे विमान निर्दोष’ असे ठरवून ते वापरीत. परंतु २२ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेच्या एफ-१११ लढाऊ विमानाचा पंख हवेतच निखळला. ते जेमतेम शंभर तास उडालेले होते. पंखाच्या सांध्यातील पोलादात घडणीच्या वेळचाच दोष होता. नव्या वस्तूतही भेग असू शकते हे तेव्हा मान्य करावे लागले, आणि १९७८ पासून प्रवासी विमानांसाठीही अमेरिकेत असा नियम आला की भेग आहे असे गृहीत धरूनच आराखडा करावा. माझ्या पुतण्याच्या उत्तराचा अर्थ मला येथे उलगडला.

आपल्याच उदाहरणात पाहा. डोळ्यांनी १६ मिलिमीटरची भेग निश्चित दिसते व ६४ ला धोका आहे असे धरले, तर हाती ४,००० उड्डाणे आहेत. मग दर २,००० उड्डाणांनी, किंबहुना त्याहूनही लवकर, पाहिले पाहिजे, म्हणजे एकदा नजरचूक झाली तरी दुसरी संधी राहील. विद्युत्प्रवाहाच्या यंत्राने ४ मिलिमीटरची भेगही सापडत असेल तर मुदत १२,००० ची होते. चांगले उपकरण म्हणजे निव्वळ खर्च नव्हे. ते उसंत विकत घेणे आहे.

आता जुन्या विमानाचा प्रश्न. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांत हिलोहून होनोलुलूला जाणाऱ्या अलोहा कंपनीच्या बोईंग ७३७ विमानाचे छप्पर २४,००० फुटांवर सुमारे अठरा फूट लांबीपर्यंत उडून गेले. प्रवाशांची सेवा करीत उभी असलेली एक अनुभवी परिचारिका आकाशात ओढली गेली. बाकीचे चौऱ्याण्णव जण वाचले; प्रवासी पट्ट्यांनी खुर्चीस बांधलेले उघड्या आभाळाखाली बसून राहिले, आणि वैमानिकांनी ते विमान माउई बेटावर उतरविले. ते एकोणीस वर्षांचे होते. पण खरे वय वर्षांत मोजावयाचे नसते. बेटाबेटांमधील वीस-पंचवीस मिनिटांच्या फेऱ्या करून त्याची ८९,६८० उड्डाणे झाली होती. आराखडा होता ७५,००० चा. आपण अमेरिकेस जातो ती विमाने दिवसाकाठी एक-दोनदाच फुगतात. त्यांचे पंधरावे वर्ष अलोहाच्या तिसऱ्या वर्षाइतकेही नसेल. ‘विमान किती वर्षांचे?’ यापेक्षा ‘किती उड्डाणांचे आणि शेवटचे केव्हा तपासलेले?’ असे विचारावे.

येथे हिशेब का चुकला? पत्र्यांचे सांधे चिकटद्रव्याने जोडून वर रिव्हेट मारलेले होते. ते द्रव्य सुटले, ओल शिरली, आणि सारे ओझे रिव्हेटांच्या भोकांवर आले. एक भेग पडली तर ती दहा इंचांवरील आतल्या पट्टीपाशी वळेल, लहानसे झाकण उघडेल आणि हवा सुरक्षितपणे निघून जाईल, असा निर्मात्यांचा विश्वास होता. एका भेगेपुरता तो खराही ठरला असता. पण एकाच ओळीतील भोकाभोकाशी बारीक भेगा पडल्या होत्या, पोस्टाच्या तिकिटांमधील छिद्रांच्या ओळीप्रमाणे. एकटी भेग निरुपद्रवी. ओळीने असल्या म्हणजे दोन भेगांमधील धातूचा दुवा अकस्मात तुटतो आणि सबंध ओळ सुटत जाते. त्यानंतर अशा अनेक भेगांच्या एकत्र होण्याचे हिशेब करू लागले, आणि २०१० साली अमेरिकेने असा नियम केला की, प्रत्येक मोठ्या प्रवासी विमानाची, किती उड्डाणांपर्यंत या हिशेबावर भिस्त ठेवता येईल, ती कमाल मर्यादा निर्मात्याने जाहीर करावी.

चौकशीत एक गोष्ट उघडकीस आली, ती मी कित्येक दिवस विसरू शकलो नाही. त्या दिवशी विमानात चढताना एका प्रवासी बाईस दाराजवळ रिव्हेटांच्या ओळीतून गेलेली भेग दिसली होती. ती कोणाजवळही बोलली नाही. आपण तिच्या जागी असतो तर बोललो असतो काय? परक्या शहाण्या माणसांच्या यंत्राविषयी शंका काढणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. मोठ्यांच्या कामात लहानांनी बोलू नये अशी शिस्त मी स्वतः चाळीस मुलांच्या वर्गास लावलेली आहे, आणि शिस्त म्हणून ती मला आजही मान्य आहे. पण भेग दिसलेल्या मुलाला ती लावावयाची नाही.

नव्या विद्येने पुढचे सारे अपघात टळले असे मात्र कोणी समजू नये. १ एप्रिल २०११ रोजी साउथवेस्ट कंपनीच्या बोईंग ७३७ विमानाच्या छतास, फीनिक्सहून सॅक्रामेंटोस जाताना, ३४,००० फुटांवर सुमारे पाच फुटांचे भगदाड पडले. वैमानिकांनी ते युमा येथे उतरविले व प्राणहानी झाली नाही. त्या सांध्याची खास तपासणी ६०,००० उड्डाणांपर्यंत नको, असे निर्मात्यांचे गणित होते. विमानाची झाली होती ४०,००० च्या आत. गणित निर्दोष होते, पण ते नीट पाडलेल्या भोकांचे होते. कारखान्यात त्या विमानाच्या छताचा पत्रा बदलताना रिव्हेटांची भोके वेडीवाकडी, एकमेकांशी न जुळणारी पडली होती, आणि हे संगणकास कोणी सांगितले नव्हते. लगोलग हुकूम निघून ३०,००० हून अधिक उड्डाणे झालेल्या त्या जातीच्या विमानांचे सांधे विद्युत्प्रवाहाच्या यंत्राने तपासण्यात आले, तेव्हा आणखी काही विमानांत भेगा सापडल्या व त्या वेळीच दुरुस्त झाल्या.

फळ्यावरील आकडे विद्यार्थ्यांनी उतरवून घ्यावेत. घनाऐवजी वर्ग धरला तर २८,००० च्या जागी काय येईल, हे घरी करून पाहावे आणि उद्या सकाळी मला दाखवावे. भोजनाची वेळ झाली आहे.